दोन दिवसांचं पाणी

सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या श्रीधरची एक खोड होती. हा माणूस यादी केल्याशिवाय दाढीसुद्धा करायचा नाही. शहाऐंशीच्या डिसेंबरात तर त्याला यादीसाठी खरंखुरं निमित्त मिळालं. नाताळच्या सुटीत तो आणि पांढुर्ण्याचा त्याचा दोस्त विजय जैसलमेरकडे निघणार होते. तिथल्या मरुउद्यानात दोन दिवस पायी हिंडायचं, वाळूचे, हरणांचे आणि नशीब जोरावर असलं तर माळढोकाचे फोटो काढायचे. अठरा वर्षं यानं फळ्यावर खडूनं वाळूच्या टेकड्या काढल्या, वारा कुठून वाहतो ते पोरांकडून घोकून घेतलं, आणि बाप्पा, डोळ्यांनी वाळवंट एकदाही पाहिलं नव्हतं!

यादी कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली होती. कॅनव्हासचे बूट, मफलर, टॉर्च, काळे-पांढरे रोल चार, दोर वीस हात, तिखटामिठाच्या पुऱ्या, टिंक्चर. रोज शाळेतून आला की चहाआधी यादी. बायको, प्रतिभा, हसून बेजार.

"आपल्या लग्नाची यादी पण एवढी नव्हती हो," ती म्हणायची. "दोनच दिवस चालायचं आहे न तुम्हाला? का तिकडेच राहायला चालले?"

सतरावा आकडा पाण्याचा होता. उद्यानाकडून परवानगीचं पत्र आलं होतं, हिंदीत टाइप केलेलं, आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली कुणीतरी लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती. वाटेत पाणी मिळणार नाही, दोन दिवसांचं पिण्याचं पाणी बरोबर आणावं, असा मजकूर. साधी सरकारी सूचना. पण ती वाचली की श्रीधर पत्राची घाईघाईनं घडी करायचा. 'दोन दिवसांचं पाणी' हे शब्द त्यानं पूर्वी एकदा स्वतः उच्चारले होते, आणि कुणाला ते त्यालाच ठाऊक होतं.

पाण्यासाठी त्यानं नागपूरहून बर्डीवरच्या दुकानातून एक कॅन्टीन आणली. अॅल्युमिनियमची, वरून जाड खाकी कापड, पेचाचं झाकण. नवी वस्तू, गळते का ते आधीच पाहावं, म्हणून रविवारी संध्याकाळी त्यानं ती गळ्यापर्यंत भरली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, खाली वर्तमानपत्र पसरून ठेवली.

सकाळी कॅन्टीन रिकामी होती. कागद मात्र कोरडा खडखडीत.

"तुम्हीच पिऊन टाकली असेल झोपेत," प्रतिभा म्हणाली.

मास्तर माणूस, असा थोडाच ऐकतो. सोमवारी त्यानं शाळेच्या ऑफिसातून लाखेचा तुकडा आणला. कॅन्टीन भरली, झाकण पिळून घट्ट केलं, त्याच्याभोवती दोरा गुंडाळला आणि वरून लाख ओतून आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. मंगळवारी सकाळी ठसा जिथल्या तिथे. लाखेला तडासुद्धा गेला नव्हता. त्यानं ती फोडली, झाकण काढलं, कॅन्टीन पालथी केली. थेंब नाही. करंगळी आत फिरवून पाहिली, तर आत कधी पाणी गेलंच नसावं इतकी सुकी.

श्रीधर तिथेच पाटावर बसला. कारण त्याला आठवू नये ते आठवलं.

*

बोरगावकडे श्रीधरच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. संत्र्याचं एक क्रूर तंत्र असतं. झाडाला बहार यावा म्हणून आधी त्याचं पाणी तोडायचं. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. याला ताण देणं म्हणतात. मग एकदम पाणी सोडलं की झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. श्रीधरच्या बागेला तेव्हा उन्हाळ्यातला ताण असायचा, ऐन मे महिन्यात.

बागेवर राखणीला नत्थूजी होता. साठीच्या पुढचा, वाकलेला, कामाला वाघ. पण ताणाच्या दिवसांत त्याचा जीव खालीवर व्हायचा. पहिल्या ओळीतलं तिसरं झाड त्यानं मरतामरता वाचवलेलं, लेकरासारखं जपलेलं. सगळी बाग तहानलेली असताना हा विहिरीतून बादली शेंदून चोरून त्या झाडाच्या आळ्यात ओतायचा. श्रीधरनं दोनदा पकडलं, दोनदा ओरडला. नत्थूजी खाली मान घालून म्हणायचा, "पाहवत नाई मास्साब. थे बोलून नाई राहिलं म्हून का त्याले तहान नाई?"

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात श्रीधरचं डोकं फिरलं. त्यानं विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनचं हँडल काढलं, विहिरीवरची बादली आणि दोर उचलला, सगळं सायकलला बांधलं. नत्थूजीसाठी रांजण भरून ठेवला. "हे दोन दिवसांचं पाणी," तो म्हणाला. "झाडाला एक थेंब घालायचा नाही. मी परवा येतो."

नत्थूजीची बायको केसरबाई तेव्हा लोधीखेड्याला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. आजूबाजूच्या बागांवर त्या दिवसांत चिटपाखरू नव्हतं, आणि गाव भर उन्हात कोसभर लांब. आणि दुसऱ्याच दिवशी श्रीधरला नागपूरहून निरोप आला, की ज्या रशियन कॅमेऱ्यासाठी तो वर्षभर झुरत होता तो सेकंडहँडमध्ये आलाय, लगेच ये. तो गेला. कॅमेरा घेतला, तिथेच मित्राकडे राहिला, तलावावर, शहरातल्या उद्यानात फोटो काढत फिरला. परवाचा तेरवा झाला. बागेवर पोचला तो पाचव्या दिवशी.

नत्थूजी तिसऱ्या झाडाखाली पडला होता. रांजण त्याच झाडाजवळ पालथा होता, पार तिथपर्यंत ढकलत नेलेला. आळ्यातली माती खणून पाहिली तर खाली अजून ओल होती. विहिरीत पाणी चांगलं परसभर, म्हणजे माणूस बुडेल एवढं होतं, वरून स्पष्ट दिसत होतं. पायऱ्या नव्हत्या.

मग श्रीधरनं जे केलं ते त्याला आजपर्यंत स्वतःशीसुद्धा पुरतं कबूल करता आलं नव्हतं. तो ओरडला नाही, गावात धावला नाही. सायकलवर बसला, घरी आला, नहाणीतली दोर-बादली घेतली, परत बागेत गेला आणि ती विहिरीच्या काठावर ठेवली. आळ्यातली माती पायानं सारखी केली. मग बोरगावात जाऊन माणसं बोलावली.

ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. विहिरीवर दोर-बादली होती, पण बिचाऱ्याला उठवलं नाही. केसरबाई आली ती छाती बडवून एकच बोलत होती. शेतकरी पाण्यासाठी वाळक्या भोपळ्याचा तुंबा बाळगतात, तसा नत्थूजीचा तुंबा होता, आणि तो ती आपल्याबरोबर लोधीखेड्याला घेऊन गेली होती. "मी नेला! तुंबा मी नेला! उशाशी घोटभर पानी तं राह्यलं असतं!" अडीच वर्षं ती बाई हेच म्हणत होती. आणि एका वाक्यानं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवू शकणारा माणूस अडीच वर्षं मूग गिळून बसला होता.

बाकी त्यानं सगळं केलं. केसरबाईला बागेतच काम दिलं, दर दिवाळीला लुगडं दिलं. मे महिन्यातला ताण बंद करून थंडीतला सुरू केला, कारण मे महिन्यात ती बाग त्याला बघवेना. कॅमेरा कपाटात टाकला. त्याला हात लावायला अडीच वर्षं लागली, तेही विजयनं टोचून टोचून. "अबे, कॅमेरा कपाटात ठेवून पूजा करून राहिला का त्याची?" यातूनच वाळवंटाची टूम निघाली. दूर कुठेतरी जाऊन आलं की मन मोकळं होईल, असं श्रीधरला वाटलं होतं. बाकी त्याला वाळवंटच का सुचलं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

*

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्यानं चालण्याची तालीम ठेवली. पाठीवर पिशवी, पिशवीत वजनासाठी दोन विटा, गळ्यात कॅमेरा. कॅन्टीन प्रतिभानं स्वतः भरून त्याच्या हातात दिली. चांगली जड होती, दोघांनीही हातात धरून पाहिली.

ती कमरेला अडकवून तो बोरगावच्या रस्त्याला लागला आणि नाक्याच्या पुढे, बाभळींपाशी, कमरेवरचं ओझं कमी होत चाललंय असं त्याला वाटलं. त्यानं थांबून पाहिलं नाही. ताठ मानेनं, जरा भराभर चालत राहिला. आधी चालताना डुचमळ ऐकू येत होती, ती थांबली. बागेच्या कुंपणाशी आल्यावर त्यानं झाकण उघडलं. कोरडं.

बागेला ताण बसलेला होता. पानं वळलेली, फिकट, जमिनीवर गळून पडलेली. आळ्यांमध्ये बोटं जातील एवढ्या भेगा. पहिल्या ओळीतलं तिसरं झाड मात्र हिरवंगार होतं. श्रीधर त्याच्यापाशी गेला, वाकून आळ्यात हात घातला. माती भुसभुशीत, कोरडी. त्याला हायसं वाटलं. खोल मुळं असतील, सावली असेल, कारणं काय पन्नास असतात. ऊन तिरपं झालं होतं, त्याच्या पाठीमागून येत होतं. रोल तपासायचाच आहे, म्हणून त्यानं त्या ओळीचे आठ-दहा फोटो काढले आणि अंधाराच्या आत घरी परतला.

मंगळवारी तो पांढुर्ण्याला विजयच्या स्टुडिओत गेला. स्टेशनाच्या रस्त्यावर विजयचं दुकान, समोर रबडीवाला, मागे डार्करूम. विजयनं फोटो धुऊन, वाळवून ठेवले होते.

"कॅमेरा एक नंबर आहे," विजय म्हणाला. "पण मला एक सांग. बागेला ताण आहे म्हणतो, मग या एका झाडाला पाणी काहून देऊन राहिला बे?"

श्रीधरनं फोटो हातात घेतला.

ओळीतली बाकी आळी पांढरट, भेगाळलेली दिसत होती. तिसऱ्या झाडाचं आळं काळं होतं. नुसतं काळं नव्हे, पाणी तुडुंब भरलेलं, त्यात आभाळाचा तुकडा चमकत होता. फोटोच्या खालच्या बाजूला श्रीधरची स्वतःची लांब सावली पडली होती, कमरेला कॅन्टीनचा फुगवटा. त्या फुगवट्यापासून झाडाच्या आळ्यापर्यंत धुळीत ओल्या थेंबांची एक सरळ रेघ गेली होती.

"तुझ्याकडून धुताना काहीतरी सांडलं," श्रीधर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"माझ्याकडून? वीस वर्षं हेच करून राहिलो मी!" विजयनं निगेटिव्ह उजेडात धरली. "पाहा. तिच्यातच आहे."

होतं. दहाच्या दहा फोटोंत होतं.

परतीच्या बसमध्ये श्रीधरनं ठरवलं, केसरबाईला सांगायचं. आजच. मग वाटलं, आज उशीर झाला. मग वाटलं, इतक्या दिवसांनी त्या म्हातारीच्या जखमेवरची खपली कशाला काढा. सांगून काय माणूस परत येणार आहे? शाळा आहे, गावात नाव आहे, पोलिसांपर्यंत गोष्ट गेली तर? सौंसरच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्यानं स्वतःला पुरतं समजावलं होतं. परत आल्यावर सांगू. वाळवंटातून येऊ, डोकं थंड असेल, मग नीट सांगू.

घरी प्रतिभा यादी घेऊन बसली होती.

"दोर विकत कशाला आणता हो?" ती म्हणाली. "आपल्या नहाणीत होता न एक, बादलीसकट. तुम्ही कॅमेरा आणला त्या उन्हाळ्यात. मी म्हटलं पण होतं, हा कुठून आणला म्हणून. तो कुठे गेला?"

"नव्हता," श्रीधर म्हणाला.

"होता हो. मी स्वतः—"

"नव्हता म्हटलं ना!"

प्रतिभा उठली. मग तिनं यादी खिळ्याला परत टांगली आणि आत गेली.

*

निघायच्या दिवशी सकाळी केसरबाई आली.

ती कधी घरी येत नसे. ओट्यावर बसली, पदर सारखा केला. तिच्या मांडीवर नत्थूजीचा तुंबा होता, सुतळीच्या जाळीत घातलेला, हाताळून हाताळून काळा झालेला. तोंडाला लाकडी बूच.

"वाळवंटात जाऊन राहिले म्हंते तुमी, मास्साब."

"हो, केसरबाई."

"तितं पानी नाई भेटत म्हंते."

"नाही. आपलं आपण न्यावं लागतं."

"म्हून आनला." तिनं तुंबा दोन्ही हातांनी पुढे केला. "बागेतल्या विहिरीचं पानी भरून आनलं. घेऊन जा. मी त्या वक्ती नेला नसता तं बुढा वाचला असता. आता कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

आता. आताच. दोन पावलं पुढे जायचं आणि बोलायचं. केसरबाई, तुझा काही दोष नाही. दोर मी नेला होता. एवढंच तर वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलं, ओठांपर्यंत आलं. केसरबाई वर बघत होती, जणू तिला घाईच नव्हती.

"फार जपून ठेवीन," तो म्हणाला.

केसरबाईनं मान हलवली. तुंबा त्याच्या हातात देऊन ती उठली. पदराच्या गाठीतून तिनं एक डहाळी काढली आणि ओट्यावर ठेवली. संत्र्याची. पांढऱ्या फुलांनी लगडलेली.

"तिसऱ्या झाडाले फूल आलं. ताणातच," ती म्हणाली. "कोन पानी देऊन राहिलं, काय मालूम." पायरी उतरताना ती थांबली. "कदी येता वापस?"

"आठ दिवसांनी."

"बरं. परवा येतो म्हनू नका म्हंजे झालं."

ती निघून गेली. श्रीधर ओट्यावर उभा होता. 'परवा येतो' हा शब्द त्यानं एकाच माणसाला दिला होता, बागेत, भर दुपारी, आणि तिथे तिसरं कुणी नव्हतं.

*

कॅन्टीन त्यानं घरीच ठेवली. तुंबा खांद्याला लावला.

बसमध्ये तो सारखा चाचपत होता. तुंबा जडच होता. बस खड्ड्यात आदळली की आत पाणी डुचमळायचं. मोहगाव गेलं, तरी जड. पांढुर्ण्याला उतरला तरी जड. श्रीधरला वाटलं, संपलं एकदाचं. म्हातारीनं स्वतःच्या हातानं दिलंय, म्हणजे माफच केलं म्हणायचं. त्याचे डोळे भरून आले. घसा मात्र सकाळपासून कोरडा पडला होता, पण त्यानं वाटेत एकदाही बूच काढलं नव्हतं.

फलाटावर दुपारचं ऊन होतं. विजय सामान घेऊन बाकावर बसला होता. गाडीला अजून पंधरा मिनिटं होती.

"हे काय, तुंबा?" विजय हसला. "मास्साब, तू तर पक्का किसान निघाला! दे, तहान लागून राहिली."

त्यानं बूच काढलं, मान मागे टाकली आणि घटाघटा प्याला. पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं.

"काय गोड पाणी आहे बे! विहिरीचं का?"

"हो."

"घे, तू पण पी."

श्रीधरनं तुंबा घेतला. अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता. त्यानं कानाशी हलवला. पाणी बोललं.

त्यानं तोंडाला लावला.

काही आलं नाही.

त्यानं आणखी तिरका केला. मग पुरता पालथा. आतलं पाणी त्याच्या ओठांपासून दोन बोटांवर डुबुकडुबुक हलत होतं, त्याचा गारवा नाकाला लागत होता, विहिरीच्या शेवाळाचा वास येत होता. ओठावर एक थेंबही पडला नाही.

तो तसाच उभा राहिला, मान मागे, तोंड उघडं.

"प्याला का पोटभर?" विजयनं विचारलं.

श्रीधरनं तुंबा खाली घेतला. बूच लावलं.

"प्यालो," तो म्हणाला, आणि कोरडं तोंड शर्टाच्या बाहीनं पुसलं.

विजयनं त्याच्या खिशातून यादी ओढून घेतली, मांडीवर पसरली, पेन काढलं आणि सतराव्या आकड्यापुढे, पाण्यासमोर, बरोबरची खूण केली.